अमेरिकेत पहिला नंबर ठरलेला, भांडण दुसऱ्यासाठी

बाळू_कोलंबस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसात जेवणाच्या वेळी एक वाद बरेच दिवस धुमसतोय, तो इथे आणून टाकतोय. अमेरिकेतला सगळ्यात लोकप्रिय व्यावसायिक खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएल, यावर कुणीच हुज्जत घालत नाही. हुज्जत असते ती दुसऱ्या नंबरावर. एक बेसबॉलवाला आहे, एक बास्केटबॉलवाला, मिनेसोटाहून आलेली एक कट्टर हॉकीवाली (बर्फावरची हॉकी), आणि मेक्सिकन वंशाचा एक सॉकरवाला सहकारी (सॉकर म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल). त्याच्या मते आम्ही सगळेच आंधळे आहोत.

पहिल्या नंबराचा विषय आधी मिटवून टाकू. गॅलप ही संस्था लोकांना कित्येक दशकं विचारत आलीय की तुम्हाला बघायला सगळ्यात जास्त आवडणारा खेळ कोणता. १९४८ साली ३९ टक्के लोकांनी बेसबॉल सांगितलं, १७ टक्क्यांनी फुटबॉल. १९७२ साली पारडं फिरलं: फुटबॉल ३६, बेसबॉल २१. डिसेंबर २०२३च्या पाहणीत फुटबॉल ४१, बेसबॉल १०, बास्केटबॉल ९ आणि सॉकर ५. म्हणजे दोन, तीन आणि चार नंबरवाले एकत्र आले तरी पहिल्याच्या जवळपास पोचत नाहीत.

टीव्हीवरही तेच. फेब्रुवारी २०२५चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना (ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असं लोळवलं तो) सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी बघितला. बरं, सुपर बोल हा सणच आहे, तो बाजूला ठेवा. २०२४च्या मोसमात एनएफएलच्या साध्या साखळी सामन्याला सरासरी पावणेदोन कोटी प्रेक्षक होते. त्याच वर्षी बेसबॉलची वर्ल्ड सिरीज लॉस एंजेलिस डॉजर्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्यात झाली. याहून मोठी जोडी बेसबॉलकडे नाही. तिची सरासरी १ कोटी ५८ लाख. एकाचा रविवारचा रतीब दुसऱ्याच्या अंतिम मालिकेपेक्षा जास्त बघितला जातो!

तर प्रश्न दुसऱ्या नंबराचा. माझं मत: मोजायचंच असेल तर तिकिटं मोजा. टीव्ही काय, चालू ठेवून माणूस झोपतोही. खिशातले पैसे काढून, गाडी पार्क करून जो मैदानात जातो तो खरा चाहता. या हिशेबाने २०२४ साली बेसबॉलची ७ कोटी १३ लाख तिकिटं खपली. एनएफएलची दोन कोटींच्या आत. मग बेसबॉल दुसरा तरी का म्हणायचा, पहिलाच म्हणा की.

या, भांडा.

शंकासुर

रुमाल टाकून ठेवतोय. कोपऱ्यातली जागा माझी.

मीटर_डाऊन

बाळूराव, तिकिटांचा हिशेब अर्धाच मांडलात. बेसबॉलचा प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. संघ ३०. म्हणजे एकूण २,४३० सामने. एनएफएलमध्ये संघ ३२ आणि प्रत्येकी १७ सामने, म्हणजे सगळे मिळून २७२. आता भागाकार करा. बेसबॉलला एका सामन्याला २९ हजारांच्या आसपास माणूस येतो, फुटबॉलला ६९ हजारांच्या वर. शिवाय बेसबॉलचं तिकीट साध्या मंगळवारी किरकोळ पैशात मिळतं, आणि एनएफएलला चौघांचं कुटुंब न्यायचं म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडतं.

तुमच्या नियमाने एसटी ही विमानापेक्षा लोकप्रिय ठरते. ठरतेही, पण त्यावरून कुणाला काय आवडतं ते कळत नाही.

पुणेरी_पिचर

मीटर_डाऊन, उलट विचार करा. वर्षातून ८१ संध्याकाळी एका गावात २९ हजार माणसं गोळा करणं सोपं आहे का? एनएफएलला घरचे सामने मिळतात आठ किंवा नऊ. एवढ्यावर तर कोणीही स्टेडियम भरवेल. बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज असतो. तो बघायचा नसतो, सोबतीला असतो. माझ्या शेजारचे आजोबा ओसरीवर रेडिओ लावून बागकाम करतात आणि मधेच 'हं' करतात. त्या 'हं'ची नोंद गॅलपकडे नाही.

बेसबॉल हरला तो देशपातळीवर. गावपातळीवर नाही. सेंट लुईसमध्ये जाऊन बेसबॉल तिसऱ्या नंबरावर आहे असं म्हणून बघा. पण सेंट लुईसचा माणूस आपला संघ बाद झाल्यावर वर्ल्ड सिरीज बघेलच असं नाही. एनएफएलचा चाहता मात्र स्वतःचा संघ घरी बसला तरी बाकीचे सामने बघतो. खरा फरक इथे आहे.

आणि हो, 'संथ खेळ, झोप येते' हे जुनं झालं. २०२३पासून पिचरला घड्याळ लावलंय: मैदानात धावपटू नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. २०२२ साली सामना सरासरी तीन तास चार मिनिटं चालायचा, तो एका वर्षात दोन तास चाळीस मिनिटांवर आला.

वायफळ

संथपणाचा विषय निघालाच आहे तर: वॉल स्ट्रीट जर्नलने २०१०मध्ये स्टॉपवॉच घेऊन मोजलं होतं. तीन-सवातीन तासांच्या एनएफएल सामन्यात प्रत्यक्ष खेळ चालतो सुमारे ११ मिनिटं. नंतर बेसबॉलचंही मोजलं, तर ते १८ मिनिटं निघालं. म्हणजे 'झोपाळू' बेसबॉलमध्ये 'थरारक' फुटबॉलपेक्षा जास्त हालचाल! बाकी वेळ पंच, रिप्ले आणि पिकअप ट्रकच्या जाहिराती.

अण्णा_डॅलस

तरुण मंडळींनो, आकडे छान आहेत, पण १९४८ ते १९७२ या काळात झालं काय ते कुणीच सांगत नाहीये. मी टेक्ससमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, फुटबॉल इथल्या मातीत आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

१९५८च्या डिसेंबरात बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यातला अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि देशभर टीव्हीवर दिसला. इथून लोकांना कळलं की हा खेळ त्या चौकोनी डब्यासाठीच जन्मला आहे. दर खेळीनंतर थांबा, त्यात रिप्ले, त्यात चर्चा, त्यात जाहिरात. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पैशाची. १९६०मध्ये पीट रोझेल एनएफएलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख झाले. त्यांनी मालकांना पटवलं की टीव्हीचे हक्क प्रत्येक संघाने वेगळे विकायचे नाहीत. सगळ्यांचे एकत्र विकायचे आणि पैसे समान वाटून घ्यायचे. न्यूयॉर्कच्या संघाने विस्कॉन्सिनमधल्या एका गावाएवढाच वाटा घ्यायचा! मक्तेदारीविरोधी कायद्यात हे बसेना, म्हणून १९६१मध्ये खास कायदा झाला आणि अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली.

त्याचं फळ बघायचं असेल तर ते विस्कॉन्सिनमधलं गाव, ग्रीन बे बघा. वस्ती जेमतेम एक लाखाच्या वर. तिथला पॅकर्स हा संघ कुणा अब्जाधीशाचा नाही, पाच लाखांहून जास्त भागधारकांचा आहे. लाभांश शून्य, शेअर विकता येत नाही, तरी लोक घेतात आणि भिंतीवर फ्रेम करून लावतात. भागधारक असल्यामुळे हा संघ दरवर्षी हिशेब जाहीर करतो, आणि त्यातून बाकी ३१ जणांचंही पितळ उघडं पडतं. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात लीगकडून त्यांना मिळाले ४० कोटी डॉलर. २०२४च्या मोसमात खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा होती साडेपंचवीस कोटी. म्हणजे एकही तिकीट विकण्याआधी सगळ्या खेळाडूंचे पगार निघाले! मग असा संघ न्यूयॉर्क, डॅलसला भिडणारच. प्रत्येक शहराला दर वर्षी 'यंदा आपलं काहीतरी होईल' असं वाटत राहतं, आणि म्हणून सगळा देश सगळे सामने बघतो.

बेसबॉलने हे केलं नाही. डॉजर्सनी २०१३मध्ये एकट्याने स्थानिक वाहिनीशी २५ वर्षांचा ८ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पिट्सबर्गला तसं कोण देणार? आता केबलची वर्गणी बंद करणाऱ्यांमुळे त्या स्थानिक वाहिन्याच आचके देताहेत. अशा बऱ्याच वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने मार्च २०२३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुणेरी_पिचर म्हणतात तो गावपातळीवरचा खेळ खरा, पण गावाची वाहिनीच बुडाली तर गावाने बघायचं कशावर?

अजून एक. त्याच १९६१च्या कायद्याने शाळा-कॉलेजांच्या मोसमात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सामने दाखवण्यापासून एनएफएलला लांब ठेवलंय. शुक्रवार रात्र शाळांची, शनिवार कॉलेजांचा, रविवार व्यावसायिकांचा. आमच्या जवळच्या ॲलन गावात हायस्कूलचं स्टेडियम आहे, १८ हजार आसनांचं, सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. हायस्कूलचं! ज्या पोराने शुक्रवारी तिथे बँड वाजवला तो पुढे आयुष्यभर रविवारी सोफ्यावर बसणारच.

केतकी_के

अण्णा, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

बाळू_कोलंबस

अण्णा, _/\_. शनिवारची गोष्ट तर आमच्याकडे डोळ्यासमोर असते. कोलंबसात एनएफएलचा संघच नाही. पण ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणूस मावतो आणि तो भरतो. त्या दिवशी वाणसामान आणायला सामना सुरू असताना जावं, दुकानात आपणच राजे.

सुमेधा_एडिसन

तुम्ही सगळे टीव्ही आणि तिकिटं यातच अडकलात. माझी दोन मुलं (सातवी आणि दहावी) यातलं काहीही करत नाहीत. त्यांनी एनबीएचा (बास्केटबॉलची व्यावसायिक लीग) अख्खा सामना शेवटचा कधी बघितला ते त्यांनाही आठवणार नाही. पण कोणत्या खेळाडूने काल रात्री काय केलं, कोणते बूट घातले, कोण कुणाशी भांडलं, सगळं पाठ. सगळं फोनवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. त्यांना संघ आवडत नाहीत, माणसं आवडतात. आवडता खेळाडू संघ बदलतो तेव्हा हेही त्याच्याबरोबर सामान उचलतात. फुटबॉलमध्ये चेहरा हेल्मेटात, बेसबॉलमध्ये टोपीखाली. बास्केटबॉलमध्ये पाच-पाच जण, अर्ध्या कपड्यांत, कॅमेऱ्यापासून हाताच्या अंतरावर. स्टार तिथेच तयार होणार.

मीटर_डाऊन

सुमेधाताई, पण मग एनबीएचे टीव्हीचे आकडे का घसरले? १९९८ साली मायकेल जॉर्डनची शेवटची फायनल सरासरी २ कोटी ९० लाख लोकांनी बघितली. २०२४ची फायनल १ कोटी १३ लाख. पंचवीस वर्षांत निम्म्याहून खाली.

सुमेधा_एडिसन

घसरले ना, मान्य. आणि तरीही एनबीएला २०२५-२६पासून ११ वर्षांचे सुमारे ७६ अब्ज डॉलर मिळताहेत, डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉनकडून. ही मंडळी येडी आहेत का? मालिका, सिनेमे लोक आपल्या सवडीने बघतात. थेट खेळ ही एकच गोष्ट उरलीय जी त्याच वेळी बघावी लागते, आणि तरुण ग्राहक एनबीएकडे आहे. जॉर्डनच्या काळात घरात बघायला दुसरं होतं काय?

दुसरं, अमेरिकेबाहेर बघा. एनएफएलचं नाव पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? लेब्रॉन जेम्स आणि स्टेफ करी माझ्या सांगलीच्या भाच्यालाही माहीत आहेत.

अण्णा_डॅलस

ताई, धाग्याचं नाव 'अमेरिकेत' आहे. सांगली अवांतर. :)

बाकी एनबीएची वाटचाल बघायची तर १९८० आठवा. मॅजिक जॉन्सन नवखा असताना फायनलच्या सहाव्या सामन्यात सेंटरला खेळला आणि करंडक घेऊन गेला. सीबीएस वाहिनीने तो सामना देशाच्या बऱ्याच भागात रात्री उशिरा, खेळून झाल्यावर दाखवला. तिथून ७६ अब्जांपर्यंत! दुसरा नंबर द्यायचा तर मी पैशाच्या हिशेबाने एनबीएलाच देईन.

हिमगर्जना_टोरांटो

हॉकीबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट बघत होतो. ठीक आहे, नेहमीचंच.

एनएचएल या हॉकीच्या लीगचे ३२ पैकी सात संघ कॅनडात, त्यामुळे अमेरिकन पाहण्यांत आमची अर्धी माणसं मोजलीच जात नाहीत. पण बाळूभाऊंचाच तिकिटांचा नियम लावा. एनबीए आणि एनएचएल दोघांचेही ८२ सामने, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या कित्येक ठिकाणी इमारतही एकच. आज बर्फ, उद्या त्यावर लाकडी जमीन. २०२३-२४मध्ये दोघांची तिकिटं सव्वादोन कोटींच्या आसपास, हॉकीची किंचित जास्तच! आणि अमेरिकन टीव्हीचे पैसे? एनबीएला वर्षाला सुमारे ६९० कोटी डॉलर, आम्हाला ६२ कोटी. माणसं तितकीच, पैसे अकरावा हिस्सा. आता सांगा, लोकप्रियता कशाला म्हणायचं.

(१९९३नंतर स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा करंडक, कॅनडात आला नाही याची आठवण कुणी करून देऊ नये.)

वायफळ

करून दिली समजा.

पुणेरी_पिचर

हिमगर्जना, टीव्हीवर पक (ती खेळायची चकती) दिसत नाही हो. मैदानात हॉकीइतकं वेगवान काही नाही, पण सोफ्यावरून गोल झाला हे गर्दीच्या ओरडण्यावरून कळतं. माझ्या मते ६९० आणि ६२मधला निम्मा फरक एवढ्यानेच पडतो.

शंकासुर

आता रुमाल उचलून बोलतो. बाळूच्या त्या मेक्सिकन सहकाऱ्याची बाजू कुणीच घेतली नाही. मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो, मी घेतो.

एमएलएस ही अमेरिकेतली सॉकरची लीग १९९६ला सुरू झाली, आज ३० संघ आहेत. २०२४ला सामन्याला सरासरी २३ हजार प्रेक्षक होते. मेस्सी जुलै २०२३मध्ये मायामीला आल्यापासून गुलाबी जर्सी गल्लोगल्ली दिसते. पण गंमत अशी की अमेरिकेत टीव्हीवर सगळ्यात जास्त बघितली जाणारी सॉकर लीग अमेरिकन नाही, मेक्सिकन आहे. लीगा एमएक्स, स्पॅनिश वाहिन्यांवर. त्याच्या खालोखाल शनिवारी सकाळी इंग्लिश प्रीमियर लीग. एमएलएसचे सामने ॲपलच्या ॲपमध्ये. पाहणीत '५ टक्के' दिसणारा सॉकर असा चार भाषांत आणि पाच लीगमध्ये विखुरलेला आहे. तो एकत्र येतो फक्त विश्वचषकाला. २०२२ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिश मिळून अडीच कोटींहून जास्त लोकांनी बघितली, तीही रविवारी सकाळी. २०२४च्या एनबीए फायनलच्या दुप्पट! आणि २०२६ची फायनल ज्या मेटलाईफ स्टेडियमला मिळाली, ते न्यू जर्सीतलं मैदान एनएफएलच्या दोन संघांचं घर आहे.

त्यामुळे 'सर्वांत लोकप्रिय लीग' आणि 'सर्वांत लोकप्रिय खेळ' हे दोन वेगळे धागे काढायला हवे होते.

केतकी_के

अजून एक वेगळा धागा: बायकांचा. २०२४मध्ये कॉलेज बास्केटबॉलची महिलांची फायनल १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. कारण एकच, महिलांच्या फायनलमधली खेळाडू केटलिन क्लार्क. सुमेधाताई म्हणतात तेच, लोक माणसाच्या मागे जातात.

आणि एक आई म्हणून: फुटबॉल बघायला मला आवडतो, पण मुलाला हेल्मेट घालून डोकी आपटायला पाठवणार नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच देशी घरांत हेच ऐकू येतं. तरी आजही देशात हायस्कूलला फुटबॉल खेळणारे मुलगे दहा लाखांच्या वर आहेत, हेही खरं. एनएफएल आता टक्कर नसलेला फ्लॅग फुटबॉल जोरात पुढे करतेय. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं, तिथेच फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल आणि क्रिकेट एकत्र मंजूर झाले.

चौकार_षटकार

क्रिकेट!! आलं एकदाचं नाव. जून २०२४, डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीत अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रवळकरने, जो दिवसा ओरॅकलमध्ये नोकरी करतो. पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कला रोहित आणि विराट दोघांनाही त्यानेच काढलं. दुसरा नंबर क्रिकेटचाच समजा!

अण्णा_डॅलस

चौकार, त्या मैदानाच्या जवळच राहतो. ते आधी बेसबॉलचं मैदान होतं, दुरुस्ती करून क्रिकेटचं केलंय. मेजर लीग क्रिकेटला आमच्याकडे गर्दी असते, मजा येते, पण आजूबाजूला बघितलं तर सगळे आपलेच. पाकिस्तान हरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गोऱ्या शेजाऱ्याला मी उत्साहाने सांगायला गेलो. तो म्हणाला, 'छान! आपला क्रिकेटचा संघ आहे?'

मीटर_डाऊन

:)) पण क्रिकेटवाल्यांनी एक अभिमान बाळगायला हरकत नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एका सामन्यामागे किती पैसे, हे धरलं तर आयपीएलच्या वर एकटी एनएफएल. दोघांची युक्ती एकच: सामने मोजके, हक्क एकत्र विकायचे, पगाराला मर्यादा. अण्णांचे रोझेल ललित मोदींना पावले म्हणायचे.

नवखा_पाहुणा

सगळं वाचून काढलं, छान चर्चा. एक व्यावहारिक प्रश्न. आईबाबा जूनमध्ये कोलंबसला येताहेत. दोघांनाही यातलं काही कळत नाही, आईला फार मोठा आवाज सोसत नाही, बाबांना मात्र 'अमेरिकेतला एखादा सामना' बघायचाच आहे. काय दाखवू?

पुणेरी_पिचर

जूनमध्ये फुटबॉल बंद असतो, बास्केटबॉल आणि हॉकी आटपत आलेले असतात. बेसबॉलच दाखवा. गप्पा मारत बघता येतो, मधे उठून फेरी मारता येते, आणि सातव्या डावात सगळे उभे राहून गातात, ते बाबांना नक्की आवडेल.

बाळू_कोलंबस

क्लीव्हलंडपर्यंत दोन तास गाडी हाणू नका. कोलंबस क्लिपर्स हा मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा संघ गावातच, हंटिंग्टन पार्कला खेळतो. तिकीट स्वस्त, मैदान लहान, आवाज बेताचा. फक्त तारीख बघून जा. काही ठरावीक रात्री 'डाइम-अ-डॉग' असतं, दहा सेंटला एक हॉटडॉग. त्या रात्री सगळं स्टेडियम खाण्यात गुंतलेलं असतं आणि आईबाबा शाकाहारी असतील तर सगळा वेळ वासात बसावं लागेल. व्यनि (खासगी निरोप) करतो, पार्किंग कुठे फुकट मिळतं ते इथे जाहीर लिहीत नाही.